गवंड्यावाचून गवंड्यांची सभा

लॉज म्हटले की आमच्या बल्लारपुरात प्रवाशास रात्रीपुरती मिळणारी भाड्याची खोली समजतात. अशा गावचा मनुष्य फ्रीमेसन मंडळींच्या लॉजचा सभासद झाला हे कळताच स्नेह्यांस दोन शंका येतात: हा धर्म तरी सोडून बसला असावा, नाही तर जादूटोण्याच्या नादी लागला असावा. दुसरी शंका जुनीच आहे. हिंदुस्थानात ठिकठिकाणी या मंडळींच्या सभागृहास लोक ‘जादूघर’ व ‘भूतबंगला’ म्हणत आले. प्रस्तुत लेखक दूरच्या एका शहरातील लॉजमध्ये कित्येक वर्षे जात असल्यामुळे हे आक्षेप किती पोकळ आहेत हे त्यास ठाऊक आहे. तेथे कोणाचा धर्म विचारून बाटवीत नाहीत. उलट सभेत धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यासच मनाई असते. गुप्ततेचे म्हणाल, तर तेथील बहुतेक विधी छापील पुस्तकांतून केव्हाच बाहेर पडले आहेत. परंतु पोकळ आक्षेपांच्या गलबल्यात खरा आक्षेप बुडून जातो, आणि तो आतल्या माणसानेच घेणे उचित होय.

प्रवेशाच्या दिवशी उमेदवाराजवळचा पैसा व धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात, डोळे बांधतात, गळ्यात दोरी घालतात. पुढे त्याच्यापाशी गरिबांसाठी दान मागितले जाते. खिसा तर रिकामा! ‘देण्याजोगे माझ्यापाशी काही नाही’ हे मला सर्वांदेखत कबूल करावे लागले. त्यावर उपदेश मिळाला की, निर्धन बंधू दारी येईल तेव्हा हा क्षण आठव. इतका निर्मळ उपदेश मला दुसरीकडे क्वचितच मिळाला. मग कोकराच्या कातड्याचे शुभ्र वस्त्र कमरेस बांधण्यात आले. गुण्या म्हणजे सचोटी, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे सरळ वर्तन, असे हत्यारांचे अर्थ पुढे कळले.

भोजनास बसल्यावर मी सभोवार पाहिले. वकील होते, डॉक्टर होते, व्यापारी होते, अधिकारी होते. गुण्या व ओळंबा ज्याच्या हाती रोज असतो तो गवंडी मात्र एकही नव्हता!

पुढे मी एका गवंड्याचे नाव सुचविले. वाचनाची आवड असलेला, शब्दास जागणारा, ओळंब्याइतकाच सरळ असा तो आमच्या गावचा मनुष्य. त्याच्या नावावर पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकण्याची वेळच आली नाही. ‘वर्गणी त्यास झेपणार नाही, विधीचे इंग्रजी कळणार नाही, आपल्यांत तो अवघडेल,’ असे मला मोठ्या सौजन्याने सांगण्यात आले. काळी गोटी निदान मोजता तरी येते. या सौजन्याची मोजदाद कशी करावी?

या दाराचा इतिहास लहान नाही. मुंबईत माणेकजी करसेटजी यांस प्रथम प्रवेश नाकारला गेला आणि दीक्षा घेण्यास त्यांना पॅरिस गाठावे लागले. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 1843 मध्ये एतद्देशीयांसाठी ‘राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांस दीर्घ भांडणानंतर 1872 साली दार उघडले. 1961 साली भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉजही स्थापन झाले. म्हणजे गोऱ्यांनी हिंदी माणसास घातलेला अडसर हिंदी माणसाने झगडून काढला, आणि आत येताच तोच अडसर उचलून आपल्या गरीब बंधूंच्या वाटेत घातला! स्त्रियांचा प्रश्न तर विचारूच नका. त्यांच्यासाठी ॲनी बेझंट यांना निराळा पंथच या देशात आणावा लागला.

बंधू म्हणतात, प्रत्येक संस्थेस सभासद निवडण्याचा अधिकार आहे. पत्ते खेळणाऱ्या क्लबास तो आहे, हे मान्य. परंतु जी संस्था मनुष्यमात्राच्या बंधुत्वाचा उच्चार करते तिने निवडीच्या आड लपू नये. भाऊ निवडून घ्यावयाचा नसतो. आम्ही दानधर्म पुष्कळ करतो, असेही म्हणतात. तेही खरे. पण दान उंबऱ्याबाहेर नेऊन देता येते, आणि बंधुत्वासाठी त्यास उंबऱ्याच्या आत घ्यावे लागते. पुण्यास 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटे घेत असत. गवंडी व पाथरवट हे त्यांना रूपके नव्हती, ओळखीची माणसे होती. म्हणून त्यांच्या समाजाचे दार सर्व जातींस मोकळे राहिले.

वर्धेच्या काठी आमच्या गावचा गोंड राजांचा किल्ला उभा आहे. त्याचे दगड ज्यांनी घडविले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आम्ही त्यांच्या हत्यारांची चिन्हे छातीवर मिरवतो. मी लॉज सोडलेले नाही, सोडणारही नाही; कारण रिकाम्या खिशाचा तो धडा मला खरा वाटतो. परंतु वर्गणी माफ करून, विधी मराठीत आणून एक खराखुरा गवंडी माझ्या शेजारी बसेपर्यंत ते शुभ्र वस्त्र कमरेस बांधताना मला लाज वाटत राहील. ती माझ्या बंधूंसही वाटावी, एवढ्यासाठीच हा लेख.