मिग-२१ निवृत्त झाले. आता ओझरने लिहावे

१/ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ या लढाऊ विमानाने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३पासूनची ही सेवा. वैमानिकांच्या आठवणी पुष्कळ छापल्या गेल्या. मात्र ज्यांनी ही विमाने बांधली, त्यांचे लेखन, विशेषतः मराठीत, फारसे दिसत नाही.

२/ मनमाडहून चांदवडमार्गे मुंबई-आग्रा महामार्गाला लागले, की नाशिकच्या अलीकडे ओझर येते. तेथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिगसाठीच उभा राहिला. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व अंतिम जोडणी ओझरला, अशी विभागणी होती. १९८७पर्यंत येथून सहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली.

३/ या कामाचा इतिहास मराठीत लिहिला जावा आणि प्रकाशकाची वाट न पाहता लिहिणाऱ्यांनी तो स्वतः छापावा. त्रिकोणी पंखाच्या जोडणीवरील पुस्तकाला ग्राहक किती, हा व्यावसायिक प्रकाशकाचा हिशेब चुकीचा नाही. पण त्या हिशेबावर इतिहास अवलंबून ठेवता येत नाही.

४/ स्वप्रकाशित पुस्तकावरचा मोठा आक्षेप असा, की त्यावर संपादकाची नजर नसते. आक्षेप रास्त आहे. लढाऊ विमानांच्या पुस्तकांत तर आकडेच फसवतात. ‘मिग-२१चा वेग ध्वनीच्या दुप्पट’ हे विधान खरे, पण ते विरळ हवेतल्या मोठ्या उंचीपुरते. जमिनीलगतच्या दाट हवेत तेच विमान त्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

५/ १२ डिसेंबर १९७१चे उदाहरण घ्यावे. त्या दिवशी जामनगरनजीक समुद्रावर मिग-२१ने पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले. कागदावर दोन्ही विमाने ध्वनीच्या दुप्पट वेगाची. चकमक मात्र कमी उंचीवर झाली. एफएल प्रकारच्या मिगला मुळात अंगभूत तोफ नव्हती. युद्धापूर्वी पोटाखाली तोफेचा स्वतंत्र संच बसवण्यात आला होता. कमाल वेगाच्या तक्त्यातून यातले काहीच कळत नाही.

६/ मनमाडकरांना हे समजावून सांगावे लागू नये. तेथील रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात. गर्डर किती भार पेलतो, हे त्याची लांबी ठाऊक असल्याशिवाय कोणी सांगत नाही. विमानाच्या वेगाचेही तसेच आहे. उंची, वजन आणि पंखाखालचा शस्त्रभार सांगितल्याविना तो आकडा निरर्थक ठरतो.

७/ विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणतेही विद्यापीठ नव्हते. त्या खंडांना मोल आले ते त्यांत छापलेल्या मूळ कागदांमुळे. आजच्या स्वप्रकाशकानेही हीच कसोटी लावावी. डोळ्यांनी पाहिलेले, सहकाऱ्याकडून ऐकलेले आणि पुस्तकात वाचलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

८/ गोपनीयतेचे काय? शासकीय गुपितांचा १९२३चा कायदा आजही लागू आहे आणि त्याची मर्यादा पाळलीच पाहिजे. परंतु प्रशिक्षण कसे झाले, रशियन भाषेतील आराखडे कसे उलगडले, चूक कशी पकडली जाई, हे सांगण्यासाठी आराखडाच छापावा लागत नाही.

९/ पुस्तक छापून घरच्या कपाटात ठेवू नये. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापणाराही प्रकाशकच. या चार प्रती पोहोचल्या, तर पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती त्या लागू शकतील.

१०/ १९६६मध्ये विशीत रुजू झालेला फिटर आज ऐंशीच्या घरात आहे. विमाने संग्रहालयांत आणि चौकांत उभी राहतील. ती कशी बांधली, हे मात्र ती सांगणार नाहीत. ज्या तरुणांना इतिहासाची आवड आहे, त्यांनी घरातल्या वा शेजारच्या अशा एका निवृत्त माणसासमोर वही घेऊन बसावे. तारीख, विभाग आणि कामाचे नाव यांपासून प्रारंभ करावा. पुस्तकाचे पहिले पान तेवढ्याने लिहून होते.