लाल शाईच्या बाजूने

सत्तरी उलटल्यावर नातवाकडून रूबी शिकतोय. सिनाट्रात पाहुणा कुठल्या पानावरून आला ते रिक्वेस्टच्या ‘एन्व्ह’मध्ये मिळतं. मी ‘एचटीटीपी_रेफरर’चं शुद्ध स्पेलिंग लिहिलं, उत्तर आलं ‘निल’. थेट आलेल्या पाहुण्यालाही निलच, मग चूक कळणार कशी? अख्खी संध्याकाळ गेली! १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजातच त्या शब्दातला एक आर गळालाय, तोच आजवर चालू.

ती चूक मी माफ करतो, हे मौन नाही. ‘रिक्वेस्ट.रेफरर’ लिहा: दोन्ही स्पेलिंगं चालतात, तिसरं लिहिलंत तर रूबी तिथेच ओरडते. नातू म्हणतो, “आजोबा, एन्व्ह थेट वाचणं सोपं.” असेल बाबा! पण चूक न दाखवता नुसता शून्य देणाऱ्याला मी मास्तर म्हणत नाही.