बोलू द्या की पोरांना!

कडगंचीचे नाव काढले की आपल्या घरोघरी हात जोडले जातात. गुरुचरित्रातला सायंदेव आळंद तालुक्यातल्या याच गावचा आणि ग्रंथकार सरस्वती गंगाधर त्याच्याच वंशातला. आता तेथे २००९ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठही आहे. पोथी आहे, विद्यापीठ आहे. मग या दोहोंच्या सावलीतले आपले पोर वर्गात मुके का?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपण शाळेच्या माध्यमासाठी भांडत आलो. भांडलो ते योग्यच. पण पाटीवर मराठी असली म्हणजे आत मराठी बोलली जाते असे नव्हे! गुरुजी सांगतात, सारा वर्ग एका सुरात म्हणतो. पाढे, कविता तालावर म्हणाव्यात, जरूर. पण ते बोलणे नव्हे. मनातले स्वतःच्या वाक्यात मांडणे, ते बोलणे. ज्याला ते जमले नाही, ते पोर उद्या वहीत लिहिणार तरी काय?

त्यात भर आपल्या हसण्याची. घरी मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी ऐकत वाढलेले पोर एखादा कन्नड शब्द बोलून जाते आणि ‘अशुद्ध!’ म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो. या शुद्धीवाल्यांनी एकदा पोथी उघडावी. आपल्याला मराठी येत नाही, असे सरस्वती गंगाधर स्वतःच सांगतो. एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेवाच्या तोंडी चक्क कन्नड पदे आहेत. आणि सारा ग्रंथ उभा कशावर? नामधारक विचारतो, सिद्ध सांगतो. शिष्यच गप्प बसता तर ग्रंथ कुठून होता?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण वस्तीच्या अंगणात नेले. पुढे कोसबाडला शाळा वारली पोरांमागे कुरणात गेली. मुलाने निर्भयपणे आपले मत मांडावे, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सांगितले आहे. कायदा झाला, कान कोण देणार?

गुरुजी, गोष्ट अर्ध्यावर थांबवा आणि पुढचे पोरांना सांगू द्या. प्रश्न विचारलात तर उत्तराची वाट पाहा. शब्द चुकला तर खोडू नका. बरोबर वाक्य आपणच सहज बोलून दाखवा. आणि आयाबायांनो, दप्तर उघडून ‘काय लिहिलंस?’ एवढेच विचारू नका. ‘आज वर्गात काय बोललास?’ हेही विचारा. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर दुसऱ्या दिवशी शाळेची पायरी चढा.