मागल्या दारानें आलेला रसिक

आमच्या सुशिक्षित वर्गांत वाचनाच्या आवडीविषयीं एक चमत्कारिक अभिमान आढळतो. आपण काय वाचतों हें सांगण्यापेक्षां आपण काय वाचीत नाहीं हें सांगतांना मंडळींचा आवाज अधिक चढतो. 'रहस्यकथेला आम्ही हात लावीत नाहीं', 'कविता आम्हांला कधीं मानवली नाहीं', 'ग्रामीण कादंबऱ्या? छे! तें आपलें काम नव्हे', अशीं वाक्यें कुलवृत्तांत सांगावा तशा थाटांत ऐकूं येतात. जें वाचलें नाहीं तेंच ज्याचें भूषण झालें, त्याच्या आवडीला आम्ही अभिरुचि म्हणण्यास तयार नाहीं. ती सोंवळ्याची एक तऱ्हा आहे. आणि सोंवळ्यांत जसें विटाळाचें भय मोठें, तसेंच या आवडीनिवडींत शेजारच्या दालनांतील वारा अंगाला लागण्याचें भय मोठें असतें.

हें सोंवळें मोडण्याचें काम सध्यां अगदीं अनपेक्षित बाजूनें होत आहे, आणि त्या बाजूकडे पाहून आमच्याच वर्गांत सर्वांत अधिक नाकें मुरडलीं जातात, म्हणून हा लेखनप्रपंच. जपानांत तयार होणाऱ्या चित्रमालिका व चित्रपट यांना आमचे विद्यार्थी 'ॲनिमे' म्हणतात. पांचगणी हें वसतिगृहशाळांचें गांव. देशाच्या नाना भागांतून मुलें येथें येतात. त्यांच्या भाषा निराळ्या, सणवार निराळे, पण ॲनिमेचें वेड बहुतेकांत सारखें. सप्टेंबर २०२५ मध्यें 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतांत लागला, तेव्हां तरुण मंडळींनीं चित्रपटगृहें भरून टाकलीं. पालकांच्या तोंडीं यावर तीन शेरे तयार असतात: पोरखेळ, मारामाऱ्या आणि वेळेचा अपव्यय. गंमत अशी कीं आज चाळिशीच्या घरांत आलेल्या किंवा ती ओलांडलेल्या याच पालकांनीं १९९० नंतरच्या दशकांत दूरदर्शनसमोर मांडी ठोकून 'जंगल बुक' पाहिलें होतें. मोगलीची ती मालिका जपानीच होती. हिंदी शीर्षकगीत गुलझारांचें असल्यामुळें ती घरची वाटली इतकेंच. नांव ठाऊक नसतांना जें आवडलें तेंच नांव कळल्यावर निषिद्ध ठरतें, ही तर्कपद्धति आम्हांला उमगत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. मनुष्य ज्या वाङ्मयप्रकाराला जन्मभर टाळतो त्याच्या उंबरठ्यापर्यंत त्याला उपदेशानें नेतां येत नाहीं. दुसऱ्याच कशाच्या ओढीनें तो तेथें पोंचला, तर मात्र आंत डोकावतो आणि पुष्कळदां आंतच राहतो. ज्या कलाकृति त्याला असें नेतात, त्यांचे वाङ्मयावर उपकार आहेत. चांगल्या ॲनिमेनें हें काम आरंभिलें असतां आमच्या शिक्षणसंस्था मात्र दारांवर पाट्या रंगविण्यांत गढलेल्या आहेत.

एक उदाहरण घेऊं. 'चिहायाफुरु' ही मालिका २०११ सालीं सुरू झाली. वरवर पाहतां ती शाळकरी मुलांच्या खेळाची गोष्ट. सराव, संघ, प्रतिस्पर्धी, हार, जीत, सारें कांहीं त्यांत आहे. पण हा खेळ कवितांच्या पत्त्यांचा आहे. तेराव्या शतकांतील फुजिवारा नो तेइका या कवीच्या नांवें चालत आलेला शंभर कवींच्या शंभर कवितांचा एक संग्रह आहे. त्यांतील प्रत्येक कवितेचा उत्तरार्ध एकेका पत्त्यावर छापलेला असतो. या १०० पत्त्यांपैकीं ५० मांडतात, प्रत्येक खेळाडूपुढें २५. वाचणारा कविता आरंभापासून म्हणूं लागतो, आणि तिच्या उत्तरार्धाच्या पत्त्यावर ज्याचा हात आधीं पडेल, पत्ता त्याचा. कविता मात्र शंभरांतून म्हटल्या जातात, त्यामुळें निम्म्यांचे पत्ते समोर नसतातच. तेथें हात आवरावा लागतो. सात कविता तर अशा आहेत कीं पहिल्या एका अक्षरावरून त्या ओळखाव्या. कवितेचा तास चुकविण्यासाठीं डोकेदुखीचें निमित्त काढणारा मुलगा ही मालिका पाहतांना एका जुन्या कवितेच्या पहिल्या अक्षराकडे श्वास रोखून कान देतो! पुढें त्याच संघांतील एक मुलगी भेटते. तिला पत्ते जिंकण्यापेक्षां त्यांवरील कविता प्रिय. तिच्या तोंडून नायिकेबरोबर प्रेक्षकालाही कळतें कीं या अक्षरांमागें कोणाचा तरी विरह आहे, कोणता तरी ऋतु आहे. खेळ पाहावयास आलेला मुलगा कवितेचा श्रोता झाला. आपल्याकडे श्लोकांच्या भेंड्या लावीत, तेव्हां वामन आणि मोरोपंत याच रीतीनें मुलांच्या जिभेवर बसत. भेंड्या गेल्या, पंडितकवि अभ्यासक्रमांत राहिले, आणि तेथें त्यांचें काय झालें हें सर्वांस विदित आहे.

दुसरें उदाहरण 'विनलंड सागा'चें. २०१९ सालचा तिचा पहिला भाग सूडाचा: समुद्रावरून चालून येणारे नॉर्स लुटारू, कुऱ्हाडी, आणि बापाच्या खुन्याचा पाठलाग करणारा थॉर्फिन. तरुण प्रेक्षक यासाठींच जमला. २०२३ सालीं दुसरा भाग आला, आणि पाहतों तों थॉर्फिन डेन्मार्कमधील एका शेतावर गुलाम! एनार नांवाच्या दुसऱ्या गुलामाबरोबर तो झाडें तोडतो, बुंधे उपटतो, जमीन नांगरतो, गहूं पेरतो, आणि हळूहळू शस्त्राचा मोह टाकतो. कांहीं प्रेक्षक कुरकुरले. पण पुष्कळ जण थांबले, आणि पेरलेलें उगवतें कीं नाहीं याची काळजी करूं लागले. आमच्या विद्यार्थ्यांना 'ग्रामीण' हें विशेषण पाहूनच जांभई येते. सांगली जिल्ह्यांतील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनीं १९५५ सालीं 'बनगरवाडी' दिली. धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या कोवळ्या मास्तराची ती कादंबरी परीक्षेपुरती वाचून टाकून देणारा विद्यार्थी थॉर्फिनच्या शेतावर चार दिवस राहून आला, तर माणदेशच्या त्या रानाकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहील, अशी आमची खात्री आहे.

आतां आक्षेपांचा समाचार घेऊं. पहिला आक्षेप असा कीं ही फसवणूक आहे. पाटी एक आणि माल दुसरा. या आक्षेपाला सर्वांत सोयीचें उदाहरण म्हणजे २०११ सालची 'मादोका माजिका'. कोवळे रंग, फिती, जादू करणाऱ्या मुली, असा तिचा थाट. तिसऱ्या भागांत त्या मुलींना वाट दाखविणारी थोरली मुलगीच मारली जाते. आणि पुढें कळत जातें कीं इच्छा पुरी होण्याच्या मोबदल्यांत आत्माच गहाण पडलेला आहे. बाळबोध परीकथा म्हणून उघडलेलें पुस्तक गटेच्या 'फाउस्ट'शीं नातें सांगणारी शोकांतिका निघावें, तसा हा प्रकार. ही फसवणूक खरी. पण हिच्यांत नुकसान कोणाचें झालें? व्यापारांत ग्राहकाला कमी दिलें तर ती लबाडी. मागितल्यापेक्षां अधिक मोलाची वस्तु दिली, तर तिला लबाडी म्हणणारा मनुष्य वाणसामानाचा हिशेब वाङ्मयाला लावीत आहे.

दुसरा आक्षेप परकीयतेचा. 'आपलें तें सोडून जपानी चित्रांची थोरवी कशाला?' असें विचारणाऱ्यांनीं आपलें तें काय होतें हें एकदां आठवावें. कीर्तनकार पूर्वरंगांत अध्यात्म सांगतो आणि उत्तररंगांत आख्यान लावतो. श्रोता बहुधा आख्यानासाठीं येतो, आणि त्याला पूर्वरंग ऐकावाच लागतो. तमाशाच्या फडांत कलगी आणि तुरा यांचे सवालजबाब झडत. रंगेल लावणीच्या आशेनें बसलेल्या गड्याला प्रकृति मोठी कीं पुरुष मोठा हा वाद ऐकावयास मिळे. नाटकाचें तर विचारूंच नये. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. लोक पदें ऐकावयास गेले, आणि जरठ-कुमारी विवाहावरचा कोरडा पाठीवर घेऊन परतले. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकाला १९१६ सालीं भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या. ज्यानें जन्मांत कधीं ख्यालाच्या बैठकीला पाय लावला नव्हता, असा दुकानदार नि असा कारकून बालगंधर्वांची रुक्मिणी पाहावयास गेला, आणि यमन, भूप, बिहाग कानांत घेऊन घरीं आला. महाराष्ट्राला अभिजात संगीताचा जो मोठा श्रोतृवर्ग लाभला, तो घडविण्यांत या नाटकी पदांचा वांटा केवढा, हें संगीताचे जाणकारही नाकारीत नाहींत. आणि त्या काळचे सोंवळे गृहस्थ नाटकांविषयीं काय म्हणत? पोरखेळ, छचोरपणा आणि वेळेचा अपव्यय. शेरे तेच आहेत. फक्त पिढी बदलली.

तिसरा आक्षेप त्यांतल्या त्यांत वजनदार आहे. बहुतेक ॲनिमे सामान्य असतें, आणि बहुतेक प्रेक्षक मारामारी पाहूनच उठून जातात, असें म्हणतात. हें आम्हांला मान्य आहे. पण बहुतेक कादंबऱ्याही सामान्यच असतात, आणि कीर्तनाला येणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें लक्ष प्रसादाकडे असतें. म्हणून कोणी कीर्तनें बंद केलीं नाहींत. दाराचें काम दार उघडें असणें एवढेंच. त्यांतून किती गेले यावरून दाराची किंमत ठरवावयाची, तर आमच्या सक्तीच्या पाठ्यपुस्तकांनीं किती जणांना कवितेच्या घरांत कायमचें वस्तीला नेलें, याचाही हिशेब त्याच वहींत मांडावा लागेल.

हा वाद केवळ चित्रांचा असता तर आम्हीं इतकी शाई खर्चिली नसती. प्रश्न मराठी वाचकाचा आहे, आणि तो पांचगणीच्या अगदीं शेजारीं उभा आहे. येथून महाबळेश्वराकडे जातांना भिलार लागतें. वेल्समधील हे-ऑन-वाय या ग्रंथग्रामाचा आदर्श पुढें ठेवून ४ मे २०१७ रोजीं तेथें 'पुस्तकांचें गांव' उघडलें. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमांत आरंभीं २५ ठिकाणीं सुमारें १५,००० पुस्तकें मांडलीं गेलीं, आणि स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या कुटुंबांनीं आपल्या ओसऱ्या नि खोल्या वाचकांसाठीं मोकळ्या केल्या. या औदार्याविषयीं आम्हांला अत्यंत आदर आहे. पण मांडणी अशी कीं एका घरीं एक वाङ्मयप्रकार: कविता एकीकडे, कादंबरी दुसरीकडे, संतसाहित्य तिसरीकडे. व्यवस्थेला ही सोय उत्तम. रुचीला मात्र ती घातक. ज्याला कविता नको, तो कवितेच्या घरावरून चालत पुढें जाईल, आणि घरधन्याचें औदार्य ओसरीवरच राहील.

जयंत नारळीकरांचेंच पाहा. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें पाठविली आणि पहिलें बक्षीस मिळविलें. पुढें त्यांच्या कथा वाचून विज्ञानाला भिणारे पुष्कळ लोक विज्ञानाकडे वळले, आणि कथेला हंसणारे कांहीं विज्ञानभक्त कथेकडे वळले. आतां त्यांचें पुस्तक कोणत्या घरीं ठेवावें? विज्ञानाच्या कीं कथेच्या? आमचें उत्तर असें कीं दोन्ही घरीं ठेवावें, आणि प्रत्येक घरीं मुद्दाम ठेवावें.

आमची सूचना अगदीं साधी आहे. भिलारच्या प्रत्येक घरीं एक फळी शेजाऱ्यांच्या पुस्तकांची असावी. इतिहासाच्या घरीं चार ऐतिहासिक कादंबऱ्या, कादंबरीच्या घरीं दोन बखरी, बालसाहित्याच्या घरीं थोडी प्रवासवर्णनें, आणि संतसाहित्याच्या घरीं कीर्तनांतील रसाळ आख्यानें. त्या फळीवर पाटी नसावी. पांचगणीच्या शाळांनींही ॲनिमेवर पहारे बसविण्यापेक्षां एखादी संध्याकाळ मुलांना 'चिहायाफुरु' पाहूं द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं मराठी कवितांचे तसेच १०० पत्ते करून त्यांच्यापुढें टाकावे. खर्च कागदाचा आणि कात्रीचा. जपानी मुलांना जें साधलें तें आमच्या मुलांना साधणार नाहीं, असें मानण्यास आम्हांला कांहींच कारण दिसत नाहीं.

राहतां राहिला मानाचा प्रश्न. मागल्या दारानें आलेल्या पाहुण्याला कमी लेखण्याची आमच्या मोठ्या घरांत चाल आहे. परंतु खेड्यापाड्यांतून ज्याला पाहिलें आहे त्याला ठाऊक असतें कीं ओटीवर येतो तो परका. परसदारानें जो येतो तो घरचा, आणि त्याला बसावयास पाट चुलीजवळ मिळतो. पुढल्या पिढींतील मुलगा हातीं ॲनिमे घेऊन मराठी कवितेच्या परसदारीं आला, तर त्याला कोठून आलास असें विचारूं नये. आंत घ्यावें आणि वाढावें.