संकल्प उदंड, भरवसा थोडा

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो, शपथा घेतल्या जातात, आणि १ जूनची सकाळ पानपट्टीपाशी नेहमीसारखीच उजाडते. कसबा बावड्यात तरी निराळे काय घडते? राजाराम कारखान्याच्या वाटेवर विडी ओढीत उभ्या असलेल्या कोणाही गृहस्थास विचारावे. “वाईट आहे खरी, सोडायची आहे,” असेच तो म्हणेल. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असताना तंबाखूचे तोटे ठाऊक नाहीत, असे कोण म्हणेल? प्रश्न ज्ञानाचा नव्हे, इच्छेचाही नव्हे. तो भरवशाचा आहे.

२०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी ते सोडण्याचा बेत किंवा विचार असल्याचे सांगितले. मागील वर्षभरात प्रत्यक्ष प्रयत्न केलेले मात्र ३८.५ टक्केच होते. आपल्या देशात धूम्रपान हे मुख्यतः पुरुषांचे व्यसन असल्याने हे अंतर मुख्यतः पुरुषांच्याच मनातले आहे.

हा पुरुष चारचौघांत छातीठोकपणे सांगतो, “मनात आणले तर उद्या सोडीन.” पण तो उद्या उजाडत नाही. एकांतात त्याचे मन वेगळेच बोलत असते: “दोनदा सोडून पाहिली, आपल्याच्याने होणे नाही.” पहिली बढाई आणि दुसरी हताशा, दोन्हींचे फळ एकच, विडी सुटत नाही. खरा आत्मविश्वास या दोहोंहून निराळा आहे. तो तोंडाने सांगून येत नाही. लहान लहान विजयांनी साठत जातो.

येथे शरीराचा धर्मही ध्यानी घेतला पाहिजे. निकोटिनची सवय जडलेल्या माणसाला ते सोडताच पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड यांचा त्रास होतो. काही आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. एकेक तलफ तर थोड्या मिनिटांचीच असते. हे आधी न सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी हरलेला माणूस स्वतःला दुबळा समजतो. वस्तुतः तालमीतला पोर पहिल्या महिन्यात कितीदा चीत होतो! त्याला वस्ताद घरी पाठवीत नाहीत, पुन्हा लाल मातीत उतरवितात. फसलेला प्रयत्न हा दुबळेपणाचा दाखला नसून पुढल्या प्रयत्नाचा सराव होय.

आणि आमच्या माणसाच्या अंगी निग्रह नाही, हे तरी कसे मानावे? तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी ख्यात असलेल्या या शहरात हजारो पुरुष श्रावणभर मटणाकडे पाहत नाहीत. त्याचे मर्म सोपे आहे. त्या महिन्यात घरात मटण शिजत नाही, गल्लीत कोणी आग्रह करीत नाही. सारे मिळून व्रत पाळतात. विडी सोडणारा मात्र एकटा असतो, आणि भोवतालचे दहा मित्र “एक झुरका घे, काय होतंय?” म्हणून त्याचे व्रत मोडायला टपलेले असतात.

आणखी एक फसगत सांगणे अवश्य आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. विडी टाकून मावा किंवा चुना-तंबाखू धरणे म्हणजे व्यसन सोडणे नव्हे. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, तरी तोंडाच्या कर्करोगाचे भय आपल्या दारातून हटलेले नाही.

तेव्हा करावयाचे काय? बावड्याच्या सेवा रुग्णालयापासून खाजगी दवाखान्यांपर्यंत प्रत्येक डॉक्टरांनी, दुखणे कोणतेही असो, तंबाखूची चौकशी करावी आणि सोडण्याची तारीख रुग्णाकडून ठरवून घ्यावी. गरजेप्रमाणे औषधांचे साह्य द्यावे. कारखाना, तालमी व तरुण मंडळे यांनी सोडणाऱ्यांची जोडी जमवावी. घरच्यांनी टोमणे आवरावेत. आठ दिवस निभावले तर त्याचे कौतुक करावे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारी समुपदेशन फुकट मिळते. त्याचा उपयोग करण्यात कसला आला आहे कमीपणा?

आता वय झाले, सोडून काय लाभ, असे म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनमधील डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचा २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सांगतो. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे १०, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यासही ३ वर्षांचे आयुष्य अधिक लाभते. ही वर्षे केवळ त्याची एकट्याची नव्हेत. त्याच्या बायकामुलांचीही आहेत. संकल्प त्याने केलेलाच आहे. भरवसा देणे हे आता आपणा सर्वांचे काम आहे, आणि ते ३१ मेची वाट न पाहता आजच सुरू व्हावे.