सत्यासत्याचा निवाडा कोणीं करावा?

खोट्या बातमीचा उपद्रव केवढा वाढला आहे, हें वाचकांस सांगावयास नको. आज घरांतील थोरांपासून मुलांपर्यंत प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे. परंतु आलेला मजकूर पारखून मगच पुढें धाडणारे थोडे. यास आळा बसावा असें सरकारास वाटलें, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. प्रश्न एवढाच, कीं खोटें कोणतें हें ठरवावें कोणीं?

या प्रश्नाचा मुंबईच्या उच्च न्यायालयांत झालेला ऊहापोह मननीय आहे. एप्रिल २०२३ मध्यें मध्यवर्ती सरकारनें माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली. सरकारी कारभाराविषयींचा जो मजकूर सरकारनेंच नेमलेला तपासणी विभाग खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवील, तो फेसबुक, यूट्यूब इत्यादि कंपन्यांनीं आपल्याकडे राहूं न देण्याचा यत्न करावा, असा तिचा आशय. तसें न केल्यास, परक्याच्या लिखाणाबद्दल कंपनीस कायद्यानें मिळणारें संरक्षण जाण्याचा धोका होता.

मर्म येथेंच आहे. लिहिणाराचें तोंड सरकारास स्वतः बंद करावें लागत नाहीं. एका सामान्य लेखकासाठीं व्यापारी कंपनी कोर्टकचेरी कशास ओढवून घेईल? ती मजकूर काढून मोकळी होणार!

विनोदकार कुणाल कामरा प्रभृतींनीं या नियमास आव्हान दिलें. ३१ जानेवारी २०२४ रोजीं न्या. गौतम पटेल यांनीं तो अवैध ठरविला, तर न्या. नीला गोखले यांनीं ग्राह्य मानला. तेव्हां प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांजकडे गेलें. २० सप्टेंबर २०२४ रोजीं त्यांनींही नियम घटनाबाह्य ठरविला.

सरकारी कारभाराची खरी माहिती सरकारपाशींच असते, हा युक्तिवाद अगदींच निर्जीव नव्हे. पण मग सरकारनें ती प्रसिद्ध करावी. पत्र सूचना कार्यालय २०१९ पासून असे खुलासे करीतच आलें आहे. खुलासा करणें निराळें आणि मजकूर हटवावयास लावणें निराळें. आम्ही इतकीं वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या. हुशारांतल्या हुशार विद्यार्थ्याच्या हातींही त्याची स्वतःची उत्तरपत्रिका तपासावयास दिली नाहीं.

मात्र न्यायालयानें नियम रद्द केला म्हणून आपली जबाबदारी संपत नाहीं. उलट ती वाढते. आलेली वार्ता पुढें धाडण्यापूर्वीं ती मूळ कोणीं व कशाच्या आधारें दिली, एवढें घरांतील प्रत्येकानें विचारावें. ही तपासणी घरोघरीं होऊं लागली, तर सरकारी तपासनिसाची मागणी करण्यास फारसें निमित्त उरणार नाहीं.