विटा भिजवणारे हात



गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दुबईहून फोन आला. त्याच्या कंपनीतली काही माणसं श्रीलंकेला जाणार आहेत. पाच दिवस गरिबांची घरं बांधायची, मग शनिवार-रविवार बेंटोटाच्या समुद्रकिनारी आराम. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, वर देणगीही द्यायची. त्याने विचारलं, "टीचर, ही खिदमत की सहल?"

मला लोणावळा आठवलं. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर तिथे घरं बांधायला आले होते. वय 82. सुतारकाम त्यांना चांगलं येत असे. मळवलीच्या परिसरात देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी आठवड्याभरात शंभर घरं उभी करायला घेतली. सिनेनट ब्रॅड पिटही आला होता. ज्या लोणावळ्याला आपण चिक्की आणायला जातो, तिथे ही माणसं घमेली उचलायला आली होती! कार्टर यांच्या आई लिलियन तर त्याच्या चाळीस वर्षं आधी, 68 व्या वर्षी, नर्स म्हणून विक्रोळीत सेवा करायला आल्या होत्या.

खरं सांगायचं तर ती बातमी मी फार उशिरा वाचली. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला, शबे-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मालेगावात बॉम्बस्फोट झाले होते. पाठोपाठ रमजान आला, ईदही झाली, पण त्या ईदला कोणाच्या घरी जायचं आणि जाऊन काय बोलायचं, हेच कळत नव्हतं. वर्तमानपत्र उघडलं तरी नजर गावाच्याच बातमीवर जायची.

हे काम करणारी संस्था म्हणजे हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने ती 1976 मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिच्या मूळ पद्धतीत घर फुकट मिळत नाही. कर्ज मिळतं, त्यावर नफा नाही, व्याज नाही. आपल्या वाचकांना कर्ज-ए-हसना वेगळं समजावून सांगायला नको. आणि ज्याचं घर, त्यानेही स्वयंसेवकांबरोबर बांधकामाला हात लावायचा. मला ही अट फार आवडते. घरमालक उन्हात घाम गाळत असताना त्याला कोणी बिचारा म्हणू शकत नाही.

पण हौशी हातांचं मला माहीत आहे. एका पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका बेवा बाईंची मागची भिंत पडली. लूम शुक्रवारी बंद असतात, म्हणून जुम्म्याच्या सकाळी आम्ही दोघी-तिघी शिक्षिका दहावीची मुलं घेऊन पोहोचलो. मुलांनी मोठ्या जोमात सहा थर लावले. नमाजनंतर मिस्त्री चाचा आले, त्यांनी ओळंबा सोडला आणि न बोलता वरचे चार थर उतरवले. मग म्हणाले, "टीचर, मुलांना विटा भिजवू द्या, माल कालवू द्या. लावायचं माझ्याकडे सोडा." मुलांची तोंडं उतरली. त्या बाई मात्र हसत होत्या. भिंत पडल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मी त्या मुलाला म्हटलं, समुद्रावर जाण्यात गुन्हा नाही. थकलेल्या माणसाने पाण्यात पाय सोडून बसावं. मात्र विमानाच्या तिकिटाच्या पैशात तिथल्या गवंड्याला कितीतरी दिवसांची मजुरी देता येते, हा हिशेब एकदा मनात करून बघ. तिथे गेलास तर थापी मागू नकोस. आधी मिस्त्री कोण, ते विचार. घरमालकाबरोबर फोटो काढायचा असेल तर त्याचं नाव पाठ कर.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टीचर, अम्मीच्या खोलीवरचा पत्रा अजून गळतो."

हे मला माहीत होतं. मी विषय काढला नव्हता.

त्याने श्रीलंकेचं तिकीट रद्द केलेलं नाही, आणि मीही तसं सुचवलं नाही. पण ईदला तो चार दिवस जास्त रजा घेऊन येतो आहे. मिस्त्री चाचांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. पहिला जुम्मा त्याच्या अम्मीच्या घराचा.